प्लाझ्मा टीव्ही लागतो आणि लगेच बंद पडतो : दोष कुठे शोधायचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मनीषनगरला बाबांकडे ४२ इंची प्लाझ्मा आहे, २०११ च्या वर्ल्डकपच्या वेळी घेतलेला. नवतपात (मे-अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) एकदा सामना बघताना आपोआप बंद झाला आणि पुन्हा चालू झाला. जूनमध्ये रात्री लाइट जाऊन-येऊन झाल्यावर मात्र रोग पक्का झाला : बटण दाबलं की ‘टक्’ आवाज येतो, दोन-तीन सेकंद आवाज आणि किंचित चित्र, पुन्हा ‘टक्’, आणि लाल दिवा लुकलुकत राहतो. पहिले मिस्त्री ‘पॅनेल गेलं’ म्हणाले. दुसऱ्यांनी जुना सप्लाय बोर्ड आणून बसवला, पैसे घेतले, फरक शून्य. आता सेट भंगारात द्यायचा की काही आशा आहे?

आशा आहे. मी नागपुरात २८ वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय, प्लाझ्मा अगदी सुरुवातीपासून. दोन-तीन सेकंद चित्र दाखवून बंद होणाऱ्या सेटचं पॅनेल बहुतेक वेळा शाबूत असतं. फुटलेल्या किंवा मेलेल्या पॅनेलवर असं स्वच्छ चित्र सहसा उमटत नाही. त्यामुळे ‘पॅनेल गेलं’ हे वाक्य मीटर न लावता कुणी म्हणालं असेल तर ते तूर्त बाजूला ठेवा.

तुमचा सेट बंद ‘पडत’ नाही, तो स्वतःला बंद ‘करतो’. आत कुठेतरी गडबड झाली हे त्याला कळतं आणि आणखी काही जळू नये म्हणून तो सप्लाय तोडतो. म्हणून कोणता बोर्ड बदलायचा हा प्रश्न नंतरचा. आधी सेटला कशाची भीती वाटते ते शोधायचं. ते शोधता येतं, कारण तो किती वेळाने बंद होतो आणि दिवा किती वेळा लुकलुकतो यातून तो अर्धी माहिती स्वतःच देतो.

त्यासाठी सेट चालू कसा होतो ते एकदा समजून घ्या. प्लाझ्माच्या पडद्यात दोन काचांमध्ये निऑन-झेनॉन वायू भरलेल्या बारीक कोठड्या असतात. १०२४ × ७६८ च्या ४२ इंची सेटमध्ये लाल, हिरव्या, निळ्या मिळून अशा साडेतेवीस लाखांवर कोठड्या. प्रत्येक म्हणजे एक इवलीशी ट्यूबलाइटच : वायूत ठिणगी पडते, अतिनील किरण निघतात, ते आतल्या लेपावर पडतात आणि लेप उजळतो. ठिणगी पाडायला आणि टिकवायला साधारण १८० ते २१० व्होल्ट लागतात. तो व्होल्टेज व्हीएस. कोणती कोठडी पेटवायची हे ठरवणारा दुसरा, साधारण ५५ ते ७० व्होल्टचा, तो व्हीए. एवढ्या कोठड्यांना २०० व्होल्ट सेकंदाला लाखो वेळा द्यायचे-घ्यायचे म्हणजे ते काम करणाऱ्या बोर्डावर ताण भयंकर. प्लाझ्मात बिघाड तिथेच जास्त होतात, त्याचं कारण हेच.

आता क्रम. प्लग लावला की फक्त स्टँडबायचे ५ व्होल्ट जिवंत असतात. बटण दाबलं की मेन बोर्ड हुकूम देतो, रिले ‘टक्’ करतो, पीएफसी नावाचा भाग घरच्या २३० व्होल्टपासून ३८०-३९० व्होल्ट डीसी तयार करतो. त्यातून ५, १२, १५ व्होल्टसारखे छोटे व्होल्टेज येतात. मेन बोर्डाला ते ठीक वाटले की तो व्हीएस आणि व्हीए मागतो. मग वाय बोर्ड (पडद्याच्या ओळी एकेक करून निवडणारा) आणि त्याच्या समोरच्या बाजूचा झेड किंवा एक्स बोर्ड कामाला लागतात आणि चित्र येतं. प्रत्येक पायरीवर पहारा आहे. एखाद्या पायरीवर उत्तर चुकीचं आलं की दुसरा ‘टक्’, आणि सगळं बंद.

तुमच्या सेटचा ‘टक्’ येतो, आवाज येतो, चित्राची झलक येते. म्हणजे स्टँडबाय, रिले, पीएफसी, छोटे व्होल्टेज आणि मेन बोर्ड इतपत तरी चालतात. व्हीएस उभा राहतो आणि पॅनेलवर भार पडताच कुणीतरी कोसळतं. सप्लाय बदलूनही फरक पडला नाही, त्यावरून संशय वाय बोर्ड, त्याला पॅनेलशी जोडणाऱ्या बफरच्या पट्ट्या आणि झेड बोर्ड यांच्यावर जातो. मात्र आणलेला सप्लाय जुना होता आणि तपासून बसवला होता की नाही हे आपल्याला माहीत नाही, म्हणून सप्लायला मी अजून पूर्ण सोडलेलं नाही.

झाकण उघडण्याआधी, घरबसल्या, एक पैसा न खर्चता चार गोष्टी करा.

पहिली, टीव्ही दुसऱ्या खोलीतल्या भिंतीच्या पॉइंटवर थेट लावा, मधे एक्स्टेंशन बोर्ड नको. प्लाझ्मा उजळ चित्रावर २००-३०० वॅट सहज ओढतो. सैल सॉकेटमध्ये पिन गरम होते, व्होल्टेज खाली जातो, सप्लायला तेवढंच काम करायला जास्त करंट ओढावा लागतो आणि तो माघार घेतो. उन्हाळ्यात संध्याकाळी घरोघरी कूलर-एसी चालू असताना आमच्याकडे अशा तक्रारी वाढायच्या. त्यातल्या काहींना दुरुस्तीची गरजच नव्हती, नवीन सॉकेट पुरेसं झालं. तुमच्या बाबतीत हे एकटं कारण असेल असं वाटत नाही, पण पाच मिनिटांत निकाल लागतो, तर लावून टाका.

दुसरी, लाल दिवा मोजा. डोळ्यांनी नाही, मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि सावकाश बघत मोजा. किती वेळा लुकलुकतो, मग किती थांबतो, पुन्हा तितक्याच वेळा का? पॅनासोनिकच्या व्हिएरा सेटमध्ये ही मोजणी फार उपयोगी असते : बऱ्याच मॉडेलांत ६ आणि ७ चा रोख स्कॅनच्या बाजूकडे, म्हणजे एससी बोर्ड (पॅनासोनिकचा वाय बोर्ड) आणि त्याच्या वरच्या-खालच्या एसयू-एसडी पट्ट्यांकडे असतो, ८ चा समोरच्या एसएस (म्हणजे झेड) बोर्डाकडे, ११ चा पंख्याकडे, १२ चा आवाजाच्या भागाकडे. मॉडेल बदललं की अर्थ बदलू शकतो, म्हणून आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून बघायचं. दुसऱ्या कंपन्यांच्या कित्येक सेटमध्ये असा हिशोब नसतो, दिवा नुसताच लुकलुकतो. तरीही व्हिडिओ ठेवा. ‘टक्’पासून दुसऱ्या ‘टक्’पर्यंत किती सेकंद गेले हे त्यातच मोजता येतं, आणि ते प्रत्येक सेटमध्ये कामाचं आहे.

तिसरी, त्या दोन-तीन सेकंदांत जमलं तर चित्र गडद करून बघा. सेट एखाद्या वेळी जरा जास्त टिकला की लगेच कॉन्ट्रास्ट कमी करा, सिनेमा मोड लावा. प्लाझ्मात उजळ चित्र म्हणजे जास्त करंट आणि काळं चित्र म्हणजे कमी. एलसीडीसारखा मागे एकसारखा दिवा इथे नसतो. गडद चित्रावर सेट जास्त टिकत असेल तर दोष भार पेलणाऱ्या बाजूला आहे हे जवळपास नक्की.

चौथी, घरात अंधार करून टॉर्चने काचेचे चारही कोपरे आणि कडा तिरक्या उजेडात बघा. केसासारखी चीर, आतल्या बाजूला फांद्या फुटल्यासारखी, दिसली तर मात्र पॅनेल गेलं आणि पुढचं सगळं इथेच थांबवा. ती चीर दुरुस्त होत नाही.

आता झाकण उघडायचं. इथे मी हात जोडून सांगतो : तुम्ही स्वतः उघडू नका, बाबांनाही उघडू देऊ नका. हे मी मिस्त्रींसाठी लिहितो आणि तुमच्यासाठी एवढ्यासाठी, की आलेला माणूस नीट काम करतोय का हे तुम्हाला ओळखता यावं. पीएफसीचे मोठे कंडेन्सर (वीज साठवून ठेवणारे डबे) ४५० व्होल्टचे असतात आणि प्लग काढल्यावरही भरलेले राहतात. चालू सप्लायमध्ये ते लवकर रिकामे होतात. पण सप्लाय मेलेला असेल तर आतला चार्ज ओढणारं कुणी उरत नाही आणि ते बराच वेळ तसेच बसून राहतात. बिघडलेला सेट हा चांगल्या सेटपेक्षा जास्त धोक्याचा, हे नवीन पोरांच्या लक्षात येत नाही. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाला, प्लग काढून पंधरा मिनिटं झाली होती तरी, जो झटका बसला त्याने तो स्टुलावरून मागच्या कपाटावर आपटला. बरा झाला, पण ते मला अजून दिसतं.

स्क्रूड्रायव्हर आडवा लावून ठिणगी पाडायची नाही. त्याने कंडेन्सर आणि ट्रॅक दोन्ही खराब होतात. मी ६० वॅटचे दोन फिलामेंटचे बल्ब सिरीजमध्ये जोडून त्यांना चिमटे नसलेल्या, चांगल्या इन्सुलेशनच्या टोकदार तारा लावलेल्या ठेवतो. कंडेन्सरला लावले की बल्ब एक क्षण चमकून विझतात. मग मीटर लावून आकडा दहा व्होल्टच्या खाली गेलेला डोळ्यांनी बघायचा, तेव्हाच हात घालायचा. एक लक्षात ठेवा : पीएफसीचा व्होल्टेज प्रायमरीच्या, म्हणजे घरच्या विजेकडच्या बाजूच्या, ग्राउंडशी मोजायचा, चेसिसच्या पत्र्याशी नाही. ते दोन वेगळे आहेत. चुकून पत्र्याशी मोजलं तर मीटर शून्य दाखवेल, माणूस निर्धास्त होईल आणि हात घालेल. सेट उभाच ठेवायचा, दोघांनी धरायचा. हे पॅनेल काचेवर पालथं घालून काम करायचं नाही, स्वतःच्या वजनानेही ते तडकू शकतं.

उघडल्यावर पाच मिनिटं नुसतं बघायचं. घाई इथेच नडते. हनुमाननगरच्या एका घरातला सेट मला आठवतो, तुमच्यासारखीच तक्रार, तीन सेकंद आणि बंद. दोन ठिकाणी फिरून आला होता. झाकण काढलं तर धुळीचा थर एकसारखा राखाडी, पण वाय बोर्डाच्या खालच्या टोकाला हाताच्या बोटाएवढी जागा काळपट चिकट. टॉर्च जवळ नेला तेव्हा दिसली : पालीचं पिल्लू, सुकून पापडासारखं झालेलं, बोर्डाच्या दोन ट्रॅकमध्ये आडवं. एक ट्रॅक व्हीएसचा. आधीच्या माणसांनी ती धूळ समजून ब्रश फिरवला असणार. चिमट्याने पाल काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायच्या ब्रशने जागा धुतली. बोर्डाचा जळका भाग कोळशासारखा झाला होता, तो ब्लेडने हिरवट-पिवळा स्वच्छ फायबर दिसेपर्यंत खरवडला, कारण कोळसा करंट वाहतो आणि तो राहिला तर महिनाभरात पुन्हा जळतो. वरून इन्सुलेटिंग वार्निश. एकही पार्ट बदलला नाही. आपल्याकडे पाल, झुरळं आणि कूलरची दमट हवा या तीन गोष्टींनी जितके बोर्ड घालवले तितके, माझ्या अंदाजाने, विजेच्या झटक्यांनीही घालवले नसतील. टीव्हीच्या मागच्या खिडकीत कूलर असेल तर तो दमट वारा थेट बोर्डावर जातो आणि त्या ओलाव्यात धूळ चिकटते. बाबांच्या खोलीत कूलर कुठे आहे ते जरूर बघा.

दिसण्यात पुढचा नंबर कंडेन्सरचा. डोकं फुगलेलं, बुडाशी तपकिरी डाग, तर संशय पक्का. पण सपाट दिसणारा कंडेन्सर चांगला असतोच असं नाही, त्याला ईएसआर मीटर (कंडेन्सरचा आतला रेझिस्टन्स मोजणारा) लावायला हवा. याचं लक्षण मात्र तुमच्यापेक्षा वेगळं असतं : सेट टक्-टक्-टक् करत राहतो, दहाव्या-बाराव्या प्रयत्नाला लागतो आणि एकदा लागला की तासन्‌तास चालतो. डिसेंबरच्या थंडीत हे जास्त, मे महिन्यात कमी, कारण सुकलेला कंडेन्सर थंडीत आणखी बिघडतो. केस वाळवायच्या ड्रायरने छोट्या व्होल्टेजच्या बाजूला दुरून दोन मिनिटं ऊब दिली आणि सेट पहिल्या फटक्यात लागला, तर दोषी सापडला म्हणायचं. तुमचा सेट उलट उन्हाळ्यात सुरू झालेला रोगी आहे, म्हणून मी या वाटेने फार पुढे जाणार नाही.

नंतर मीटर. सेट फक्त तीन सेकंद चालतो तेव्हा व्होल्टेज मोजायचे कसे? मीटरचे प्रोब सेट बंद असताना, डिस्चार्ज करून, व्हीएसच्या पिनला आणि चेसिस ग्राउंडला क्लिपने लावून ठेवायचे, रेंज १००० व्होल्ट डीसी, हात बाहेर, मगच प्लग लावायचा. मीटरच्या पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ. व्हीएस उठलाच नाही तर सप्लाय दोषी, नाहीतर मेन बोर्डाने हुकूमच दिला नाही. व्हीएस १९०-२०० पर्यंत ताठ चढला आणि सेट बंद होण्याच्या क्षणापर्यंत तिथेच टिकला, तर दुसरा कुणी पहारेकरी शिटी मारतोय, बहुतेक व्हीए किंवा वाय बोर्डाचे आतले व्होल्टेज. व्हीएस चढता चढता १०० च्या आसपास लटपटून कोसळला तर कुणीतरी त्याला खाली ओढतंय. हा तिसरा प्रकार फार सोपा, कारण ओढणारा शोधायचा एवढंच उरतं.

शोधायचं असं. प्लग काढून, डिस्चार्ज करून, वाय आणि झेड बोर्डाला जाणारे व्हीएसचे कनेक्टर सुटे करायचे आणि प्रत्येक बोर्डावर व्हीएस ते ग्राउंड रेझिस्टन्स मोजायचा. चांगल्या बोर्डावर मीटर चढत जातो, कारण तिथले कंडेन्सर भरत असतात. शॉर्ट असलेल्या बोर्डावर चार-पाच ओम दाखवून तिथेच बसतो. मग त्या बोर्डावरचे आयजीबीटी आणि मॉसफेट (मोठा करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) मीटरच्या डायोड रेंजवर तपासायचे. दोन्ही बाजूंनी शून्याजवळ दाखवणारा गेलेला. हीटसिंकवर चार-सहा एकसारखे असतात, म्हणून शेजाऱ्याशी तुलना करता येते. एकच गेला असेल तरी मी त्या गटातले सगळे बदलतो, आणि त्यांचे गेटचे रेझिस्टर आणि ड्रायव्हर आयसी न तपासता नवीन लावत नाही. ते राहिले तर नवीन आयजीबीटी चालू करताच जातात आणि गिऱ्हाइकाला वाटतं माल खोटा होता.

पण वाय बोर्डाला हात लावण्याआधी बफर. ही गोष्ट मी सगळ्यात ठासून सांगतो, कारण तुमच्यासारख्या लक्षणांत ती सगळ्यात जास्त चुकते. वाय बोर्ड आणि पॅनेल यांच्यामध्ये उभ्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर स्कॅन आयसींची रांग. पॅनासोनिकमध्ये त्यांना एसयू-एसडी म्हणतात, बाकीकडे अप्पर-लोअर बफर. एखादी आयसी आतून शॉर्ट झाली की तिचा सगळा फटका वाय बोर्डावर येतो. मिस्त्री वाय बोर्ड जळलेला बघतो, तो बदलतो, चालू करतो, आणि त्याच शॉर्ट बफरने नवीन वाय बोर्डही तीन सेकंदांत जातो. बजाजनगरच्या एका कुटुंबाने असे लागोपाठ दोन वाय बोर्ड घालवले होते, दोन्हीचे पैसे मोजले होते, आणि मूळ दोष एका आयसीच्या पाठीवर मिरीच्या दाण्याएवढा खड्डा होता. भिंगातून बघितला तर खड्ड्याच्या कडेला काजळीचं बारीक वर्तुळ दिसत होतं. बफर पट्टीचे पॅनेलकडे जाणारे फ्लेक्स सोडवून, प्रत्येक आउटपुट ते फ्लोटिंग ग्राउंड (पट्टीचं स्वतःचं, चेसिसपासून वेगळं ग्राउंड) डायोड रेंजवर तपासा. सगळे साधारण सारखे आकडे यायला हवेत. रांगेत एकच शून्याजवळ आला की सापडला. हे काम अर्ध्या-पाऊण तासाचं आणि कंटाळवाणं आहे, म्हणून टाळलं जातं. तुमच्याकडे येणाऱ्या मिस्त्रीला एवढंच विचारा : ‘दादा, बफर मोजले का?’ त्याच्या उत्तरावरून माणूस कळेल.

वाय आणि झेड दोन्ही निर्दोष निघाले तर खालच्या बाजूचे, कोणती कोठडी पेटवायची ते सांगणारे ॲड्रेस बोर्ड. त्यांच्याकडे जाणारा व्हीए सुटा करून तोच रेझिस्टन्सचा खेळ. बोर्डावर शॉर्ट नसेल, आणि काचेला चिकटलेल्या पट्टीवरची चिप शॉर्ट असेल तर मात्र पॅनेलचाच भाग गेला. ती चिप घरी बदलता येत नाही. अशा वेळी मी गिऱ्हाइकाला स्पष्ट ‘नाही’ म्हणतो.

वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडणाऱ्या सेटची गोष्ट वेगळी : धूळ भरलेल्या जाळ्या, अडलेला पंखा, हीटसिंकखाली सुकलेली पेस्ट, ड्राय सोल्डर (सैल पडलेला टाका). २०१३ च्या मे महिन्यात नागपूर ४७.९ अंशांवर गेलं तेव्हा असे सेट माझ्याकडे रांगेने आले होते, आणि निम्मे नुसत्या साफसफाईवर परत गेले. तुमचा सेट नवतपात पहिल्यांदा बंद पडला तो या कारणाने असू शकतो. तापलेल्या आयजीबीटीने तेव्हाच पहिला मार खाल्ला असेल आणि जूनच्या लाइट जाण्या-येण्याने तो पुरता गेला असेल.

एक विनंती कळकळीची. ‘प्रोटेक्शन काढून देतो, चालेल’ असं कुणी म्हणालं तर त्याला दाराबाहेर जाऊ द्या. सेटला बंद करणारी वायर कापली की सेट चालू राहतो, पण शॉर्ट तिथेच असतो. असा एक सेट माझ्या टेबलावर आला तेव्हा वाय बोर्डाला रुपयाएवढं आरपार भोक पडलं होतं आणि मागच्या भिंतीचा रंग तपकिरी झालेला होता. घरात दुपारी आजी एकट्या झोपल्या होत्या. शेजाऱ्यांना वास आला म्हणून बरं. तुमचे बाबाही दुपारी त्याच खोलीत पडत असतील.

पार्टचं सांगतो. पॅनासोनिकने प्लाझ्मा पॅनेल बनवणं २०१३ च्या शेवटी थांबवलं, सॅमसंग आणि एलजी २०१४ मध्ये बाहेर पडले. नवीन बोर्ड मिळेल ही आशा ठेवू नका. मिळतात ते काच फुटलेल्या सेटमधून काढलेले. बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये विचारा, पण बोर्डावरचा पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, फोटो काढून घेऊन जा. एका अक्षराच्या फरकाने बोर्ड बसतो, चालू होतो आणि चित्र बिघडलेलं येतं. विकणाऱ्याला ‘चालवून दाखव’ म्हणता येत नाही, पण मिस्त्रीने दुकानातच डायोड रेंजवर मोजून घेणं अशक्य नाही. मला विचाराल तर बोर्ड बदलण्यापेक्षा बोर्डावरचे पार्ट बदलणारा माणूस शोधा. आयजीबीटी आणि बफरच्या आयसी अजून मिळतात, आणि बोर्ड तुमच्याच पॅनेलशी जुळलेला राहतो.

जुळलेला म्हणजे काय, तर पॅनेलच्या मागच्या पत्र्यावर एक स्टिकर असतो, त्यावर व्हीएस, व्हीए आणि आणखी काही आकडे छापलेले असतात. ते आकडे त्या एका पॅनेलचे. कारखान्यात तपासून लिहिलेले. सप्लाय बदलला की त्यावरच्या छोट्या प्रीसेटने व्हीएस आणि व्हीए त्या स्टिकरप्रमाणे लावावेच लागतात. तुमच्या दुसऱ्या मिस्त्रींनी सप्लाय बदलला तेव्हा हे केलं होतं का, हे जरूर विचारा. व्हीएस दहा-पंधरा व्होल्टने वर राहिला तर आधीच दुखावलेल्या वाय बोर्डावर आणखी ताण येतो, खाली राहिला तर चित्रात लाल-हिरव्या ठिपक्यांची मुंग्यांसारखी वळवळ दिसते. आणि तुमचा मूळ सप्लाय बोर्ड त्यांच्याकडून परत मागून घ्या. तो चांगला असण्याची शक्यता बरीच आहे.

खर्चाची माझी रेघ अशी : तपासणी, पार्ट, मजुरी मिळून ४३ इंची साध्या एलईडीच्या निम्म्या किमतीवर जायला लागलं की मी गिऱ्हाइकाला थांबवतो. त्याच्या आत असेल तर करून घ्या. वेगाने हलणाऱ्या चित्रात, काळ्या रंगात आणि बाजूने बसून बघण्यात चांगला प्लाझ्मा आजही स्वस्त एलईडीला ऐकत नाही, आणि बाबांचे डोळे इतकी वर्षं त्याच चित्राला सरावले आहेत.

दुरुस्त होऊन आला की पहिल्या दिवशी झाकण लावून सलग तीन तास उजळ चित्रावर, शक्यतो क्रिकेटवर, चालवून बघा. उघड्या झाकणाने टेबलावर चाललेला सेट घरी बंद पडतो, असं होतं. भिंतीपासून चार बोटं तरी जागा मागे ठेवा. लाइट गेली की प्लग काढा, आल्यावर पाच मिनिटांनी लावा.

मी पुढचं सांगायला हवं असेल तर या गोष्टी कळवा : मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर, दिवा किती वेळा लुकलुकतो, दोन ‘टक्’मधले सेकंद, गडद चित्रावर जास्त टिकतो का, आणि मिस्त्रींनी मोजलेला व्हीएस. मिस्त्रीने झाकण उघडलेलं असताना त्याच्याकडूनच वाय बोर्डाचा आणि बफर पट्ट्यांचा दिवसाच्या उजेडात जवळून काढलेला फोटो पाठवलात तर त्यावरून बरंच कळेल.